ठोंब्याच्या पेटीची थंड बाजू

२६ एप्रिल, शनिवार

पोचले एकदाची. धुळ्याहून साडेसातची एसटी धरली, पारोळ्याला चहा घेतला, आणि बाराच्या सुमारास जळगाव. तिथून जामनेर रस्त्यानं रिक्षा. रिक्षावाले अन्वरभाई मोठे बोलके. मी सरडा सांभाळायच्या नोकरीवर चालले आहे असं सांगितल्यावर त्यांनी रिक्षा हळू केली आणि आरशातून मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, ताई, या उन्हात इथं माणसं सांभाळली जात नाहीत. दोघंही हसलो.

हसण्यासारखंच आहे म्हणा. अकरा वर्षं धुळ्याला जनावरांच्या दवाखान्यात काढली. म्हशींना धरलं, कुत्र्यांना टाके घालताना दिवा धरला. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि चाळिशीला मी भावाच्या घरी येऊन पडले. वहिनी चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात दोन बायका मावत नाहीत. डॉक्टरांच्याच ओळखीनं हे काम आलं. भाऊ मला सरड्याची आया म्हणून चिडवतो. चिडवू दे. राहायला स्वतंत्र खोली आहे आणि कुणाच्या पायात पायात येणं नाही.

घर केळीच्या बागेला लागून आहे. मागच्या अंगाला केळी पिकवायची वखार, आता बंद पडलेली. घरात दोनच माणसं, कौतिक नाना आणि सुमन अक्का, दोघंही सत्तरीच्या आसपासची. अक्कांनी जेवायला शेवभाजी केली होती, घाम फुटेल अशी तिखट. घाम मात्र मला एकटीलाच फुटला. बाहेर त्रेचाळीस आणि नाना हातविणीचा स्वेटर घालून बसलेले. मी म्हटलं, नाना, महाबळेश्वरला निघालात की काय? ते नुसतं हसले.

जेवताना अक्कांनी चौकशी केली. थायरॉइड आहे का, रक्त कमी आहे का, थंडी लवकर वाजते का. मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न. मी सांगितलं, आमच्या घरात मला भट्टी म्हणतात, माघ महिन्यात पंखा लावून झोपते. त्या नानांकडे बघून समाधान झाल्यासारख्या दिसल्या.

२७ एप्रिल, रविवार

काम समजून घेतलं. डॉक्टरांनी सवयच लावली आहे, प्रत्येक जनावराचं रोज टिपण ठेवायचं. तेच इथं लिहीन, आणि मधे मधे माझंही.

ठोंब्या नावाप्रमाणेच आहे. बसला की बसला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला सरडा, दीड फूट लांब, निम्मी शेपूटच. हनुवटीखाली काट्यांची दाढी. मी हात पुढे केला तर एक डोळा मिटून त्यानं माझ्याकडे दुसऱ्यानं पाहिलं. हातावर घेतला, अगदी गरीब आहे. माझा जीवच बसला त्याच्यावर.

पेटी चार फुटी, पुढून काचेची. बसवलेली मात्र सगळी चुकीची. सरड्याला स्वतःची ऊब करता येत नाही, बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीची एक बाजू गरम हवी, चाळीसच्या आसपास, आणि दुसरी थंड, अठ्ठावीस-तीस. मग तो आपला आपण फिरतो आणि हवं तेवढं घेतो. इथं तापणारा बल्ब बरोबर मधे टांगलेला, म्हणजे बिचाऱ्याला पळायला जागाच नाही. शिवाय पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशी. दुपारी दोनला ऊन काचेवर आलं की आत भट्टी पेटायची.

बल्ब डाव्या टोकाला सरकवला, खाली चपटा दगड ठेवला. पेटी आतल्या भिंतीला घेतली. उन्हासारखे किरण देणारी लांब नळी आहे ती वर्षाहून जुनी. अशी नळी दिसायला लख्ख जळत राहते, पण तिच्यातले हाडांना लागणारे किरण कधीच संपलेले असतात. पुण्याहून नवी मागवली.

पेटीखालच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही सापडली. वर नाव, भाविका हितेंद्र, इयत्ता पाचवी. आत ठोंब्याचं सगळं वेळापत्रक. सकाळी सातला दिवे, आठला खाणं, रोजचं तापमान, आणि कडेला शेरे. "आज ठोंब्याने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे हो म्हणाला. प्रश्न काय होता ते विसरले." एकटीच हसत बसले. अक्का दारात आल्या, वही बघितली आणि म्हणाल्या, नात आमची. आता नाही. मी वही परत कप्प्यात ठेवली.

एक गंमत. पेटीसमोर एक लहान स्टूल आहे, आणि त्या रिकाम्या स्टुलावर दीडशे वॅटचा तापणारा दिवा सोडलेला, दिवसभर चालू. पेटीला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी तो काढून ठेवला.

१ मे, गुरुवार

गरम बाजू ४०. थंड बाजू २४.

स्वतःवर खूश आहे. बाहेर चव्वेचाळीस असताना कोपऱ्यात चोवीस म्हणजे कमाल. शेजारच्या खोलीतल्या कूलरला श्रेय दिलं. मग लक्षात आलं की सकाळपासून टाकीत पाणी नाही आणि कूलर बंदच आहे.

ठोंब्या थोडा काळवंडलाय. सरड्याला थंडी वाजली की तो काळा पडतो, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं. पण मग त्यानं दगडावर जायला हवं ना? हा थंड कोपऱ्यात काचेला नाक लावून स्टुलाकडे बघत बसलाय.

३ मे, शनिवार

गरम बाजू ३५. थंड बाजू १६.५.

थर्मामीटर बिघडला असेल म्हणून सेल बदलले. बर्फाच्या पाण्यात धरून पाहिला, अगदी बरोबर दाखवतो. माझ्याकडे कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक आहे. बटण फिरवलं की ती वस्तूंचंही तापमान सांगते. त्या बंदुकीनं खोलीतली एकेक वस्तू मोजली. भिंत ३९. खिडकीचे गज ४३. फरशी ३६.

स्टूल १६.५.

हात लावला. लाकूड पहाटेच्या पत्र्यासारखं गार. स्टुलाच्या वर वीतभर हवा, तीही गार, आणि त्या गारव्याला कडा होत्या. हात बाहेर घेतला की उन्हाळा, आत नेला की हिवाळा. आणि पिकत घातलेल्या केळ्यांचा वास, गोड, थोडा गुदमरवणारा. या घरात केळं येत नाही. बागेत घड लटकतात आणि घरात एक केळं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून बघते आहे.

ठोंब्यानं तीन दिवस काही खाल्लेलं नाही. अंग गार असेल तर अन्न पचत नाही, पोटातच सडतं. असाच राहिला तर आठवडाभरात जाईल. हे मी अक्कांना सांगितलं आणि स्टुलाचंही सांगितलं. मला वाटलं त्या मला वेड्यात काढतील. त्या खाली बसल्या आणि मी दिवा कधी काढला ते विचारलं.

मग म्हणाल्या, "तिले थंडी वाजस, मोहिनी. बठ्ठं करी पाह्यं, जात नही." सगळं करून पाहिलं, म्हणे.

५ मे, सोमवार

दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही. अक्कांनी जे सांगितलं ते आज लिहिते.

गेल्या वर्षी, मे महिना, दुपारी दोन. अख्ख्या भागातली वीज गेली. पेटी खिडकीपाशी, काचेवर ऊन. भाविका खोलीत आली तर ठोंब्या तोंड वासून पडलेला. अकरा वर्षांची पोर. तिला माहीत होतं की त्याला पाच मिनिटांत गार जागी न्यायला हवं, आणि घरात गार जागा एकच. वखार. तिथं जनरेटर होता. आत चार दिवसांपूर्वी लावलेला माल, सोळा डिग्रीवर पिकत ठेवलेला.

वखारीचे दोन नियम असतात. दार उघडं टाकायचं नाही, थंडी बाहेर जाते. आणि आत पाऊल टाकायच्या आधी दार सताड उघडून बिडी ओढून होईपर्यंत बाहेर थांबायचं, कारण पिकणारी केळी आतली हवा खाऊन टाकतात. वखारीवरची माणसं दोन्ही पाळतात. नातीला नानांनी लहानपणापासून पहिलाच नियम सांगितला होता. सतत दार उघडं टाकायची म्हणून रागवायचे. दुसरा सांगायची कधी वेळच आली नाही, कारण ती एकटी आत जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं आत जाऊन दार घट्ट लावून घेतलं.

साडेचारला माणसांनी दार उघडलं. ती केळीच्या क्रेटला टेकून बसलेली होती. ठोंब्या तिच्या फ्रॉकच्या आत, पोटाशी. तो जिवंत होता. सरड्याला हवा फार थोडी लागते, आणि ऊब त्याला तिच्या अंगाची मिळाली होती, होती तोवर.

अक्का हे सगळं न रडता सांगत होत्या. रडले मी. नाना दारात उभे होते, ते एवढंच बोलले, "मी तिले अर्धंच शिकाडं." त्यानंतर त्यांनी वखारीतलं मशीन विकलं. मुलगा आणि सून महिनाभरात सुरतेला गेले, परत आलेले नाहीत.

दिवा स्टुलावर पुन्हा लावला आहे.

७ मे, बुधवार

गरम बाजू ३३. थंड बाजू १६.५. स्टूल १६.५, वर दीडशेचा दिवा जळत असताना.

दिव्याखाली हात धरला तर चटका बसतो. खालचं लाकूड गारच. ऊब मधेच कुठं जाते कळत नाही.

ठोंब्याला दिवसा माझ्या खोलीत नेलं, तर तो दाराकडे सरपटत गेला आणि तिथं डोकं आपटत राहिला. परत आणावा लागला. तिला सोडून राहत नाही.

आणि आज दुसरी गोष्ट कळली. नाना जेवताना थरथरत होते म्हणून त्यांच्या काखेत सेलवरचा थर्मामीटर लावला. ३४.४. अक्कांना लावला. ३४.१. मला वाटलं थर्मामीटर बिघडला असेल. मला लावला तर ३६.९. डॉक्टर म्हणायचे, पस्तिसाच्या खाली आलेलं माणूस ताबडतोब दवाखान्यात हवं. ही दोघं वर्षभर अशी हिंडताहेत.

मी खूप विचारलं तेव्हा अक्कांनी कबूल केलं. दिव्यानं तिला काही होत नाही. जिवंत माणसानं जवळ बसावं लागतं. बसलं की तिला बरं वाटतं, ठोंब्याची पेटी तापते, तो खातो. पण बसणाऱ्याची ऊब जाते ती परत भरून येत नाही. नाना सकाळी बसायचे, त्या दुपारी. आता दोघांकडेही द्यायला काही उरलं नाही, मी आले त्या आठवड्यात बसणंच थांबलं. म्हणून माणूस शोधलं. तरुण नको, लेकुरवाळी नको, जिच्या पाठीमागे कुणी वाट बघणारं नाही अशी.

म्हणजे सरड्याची आया नव्हेच. सरपण. मला इतका संताप आला की ताट तसंच ठेवून उठले. चाळीस वर्षांत मला कुणी एवढं ओळखलं नव्हतं, आणि ओळखलं ते यासाठी. बॅग भरली आहे.

८ मे, गुरुवार

सकाळी निघाले. अक्का पाया पडायला आल्या, मी पाय मागे घेतला. अन्वरभाईंना फोन करून बोलावलं होतं. ते म्हणाले, ताई, एवढ्यात? मी बॅग रिक्षात टाकली.

धुळ्याची एसटी. खिडकीशी बसले. गाडी भट्टीसारखी तापलेली, समोरच्या आजोबांनी सदरा काढून खांद्यावर टाकलेला. कंडक्टर आला, मी धुळ्याचं एक तिकीट सांगितलं. त्यानं माझ्या शेजारच्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, पोरीचं वय किती, तिचं पण तिकीट लागेल.

शेजारी कुणी नव्हतं. मी हात ठेवला. सीट गार होती.

कंडक्टरनं पुन्हा बघितलं, डोळे चोळले आणि पुढे गेला.   ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून सांगणार काय?

आणि मग, कसं सांगू, भीती होतीच, पण एक दुसराच विचार आला. हिच्या आजी-आजोबांना ठाऊक तरी आहे का ही निघून आली ते? ठोंब्या एकटाच राहिला तिथं. कुणाची तरी लेक मी न विचारता गावाबाहेर घेऊन चालले आहे. असली बाई नाही मी.

बांभोरीच्या पुलाआधीच उतरले.

परत आले तेव्हा नाना स्टुलापाशी जमिनीवर बसून होते. हातानं हवा चाचपत होते. मी दारात उभी राहिले, आणि माझ्या मागून गारवा आत शिरला आणि स्टुलाकडे गेला. नानांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला आयुष्यात विसरता येणार नाही.

१० मे, शनिवार

ठरवलं आहे की हा प्रश्न नीट सोडवायचा. रडारड नाही. जनावर गारठलं तर काय करतो आपण? ऊब देतो, हळूहळू, आणि नोंद ठेवतो.

गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. विजेची चादर लावली. दुपारच्या उन्हात अंगणात स्टूल नेलं. पुण्याची नळी आली, ती बसवली. कशानंही अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही.

मग मी शेजारी बसले. तासभर. भाविकाची वही वाचत. मोठ्यानं.

स्टूल १७.४. थंड बाजू १८. मी ३६.२.

ठोंब्यानं एक रातकिडा खाल्ला.

अक्कांना म्हटलं, मी रोज एकच तास बसेन, आणि खूप खाईन, गूळ, तूप, सगळं. भरून येईल. त्या म्हणाल्या, आम्हीही असंच म्हणालो होतो.

१२ मे, सोमवार

स्टूल २१. थंड बाजू २३, गरम ३८. मी ३५.१.

भरून येत नाही. तूप खाल्लं, उन्हात बसले, चहा, पुन्हा चहा. पारा तिथंच.

ठोंब्या पिवळाधमक झालाय. दगडावर जाऊन बसला. पेटी आता हवी तशी आहे, एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली. एवढ्यासाठीच तर आले होते मी.

अक्कांना आज घाम आला. वर्षभरात पहिल्यांदा, मी त्यांच्या जागी बसायला लागल्यावर. पदरानं कपाळ पुसलं आणि पदराकडे बघत बसल्या, मग माझ्याकडे बघून त्यांना लाज वाटली.

भाविकाच्या वडिलांना, हितेंद्रला, सुरतेला फोन केला. मी कोण ते सांगितलं, सगळं सांगितलं. वाटलं शिव्या देईल.  त्यानं एवढंच विचारलं, ती रडते का? मी म्हटलं, नाही, नुसती बसते. त्यानं फोन ठेवला.

१३ मे, मंगळवार

स्टूल २५. मी ३४.२.

आज मांडीवर वजन आलं. थोडंसं. मांजर बसावं तेवढं. मी हलले नाही.

भीती वाटते, खरं लिहिते. सगळ्यात जास्त भीती याची की आता तेवढी वाटत नाही. दवाखान्यात एकदा विहिरीत पडलेलं वासरू आणलं होतं. आधी तडफडत होतं. मग शांत झालं, डोळे मिटले, सुखात असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, आता जातंय. गारठलेल्या जिवाला शेवटी बरं वाटायला लागतं. ते डोक्यात आहे, म्हणून लिहून ठेवते. मला बरं वाटतंय.

स्वेटर मागितला नानांकडे. त्यांनी अंगातला काढून दिला. त्यांना आता लागत नाही.

१४ मे, बुधवार

स्टूल २९. मी ३३.

अक्षर नीट येत नाही. बोटं वळत नाहीत.

अक्कांनी बॅग दाराशी आणून ठेवली. अन्वरभाई रिक्षा घेऊन आले होते. अक्का म्हणाल्या, "आते तू जाय, माय. आमनं व्हई गयं." हात जोडले. नानांनीही. त्यांना खरंच वाईट वाटतंय. मला सरपण म्हणून आणलं आणि आता त्यांच्यानं जाळवत नाही.

मी म्हटलं उद्या जाते. थोडंच राहिलंय. सात डिग्री.

अन्वरभाईंनी माझ्या अंगावरचा स्वेटर बघितला. पंचेचाळीसच्या उन्हात. त्यांनी कसलीशी दुआ म्हटली आणि बाहेर थांबून राहिले. अजून थांबलेत.

१५ मे. सकाळ

३२. उठता येत नाही भिंत धरल्याशिवाय. स्टुलापर्यंत आले —

तिचे केस दिसतात. दोन वेण्या. एक सुटलेली.

मला कुणी कधी — माझं मूल असतं तर एवढं असतं. हे लिहायला लाज वाटत नाही आता. मला थोडा वेळ मिळाला, तोही उसना. तेवढा पुरे —

१५ मे. दुपार

स्टूल ३४. मी — बंदूक "लो" म्हणते.

लाइट गेली. पंखे बंद. ठोंब्या ठीक आहे. सावलीच्या बाजूला गेला आपला आपण. त्याला आता कुणी उचलून न्यायला नको.

अक्का दार वाजवतायत. नाना, अन्वरभाई पण. कडी मी लावली. आत आले तर उठवतील मला आणि दोन डिग्रीसाठी —

३५.

वेणी घातली. बोटं वळली बघ —

३६. गरम हात. माझ्या गालावर. खरा. लहान मुलांचा असतो तसा दमट

अक्का, पोर गरम झाली. अक्का ती

बोलली. आवाज फाटका आहे, वर्षभर वापरला नाही म्हणून. ती म्हणाली, मावशी, तुना हात थंडा पडी ग्यात. तू आठेच, स्टूलपाशीच बस. मी कोनले तरी तुना जोडे बसाले बलाई —